‘करोडपती’ ही लॉटरी नव्हे

बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, की उठता उठता पाच-दहा मिनिटं गप्पा होतातच. त्या गप्पांत गेल्या काही महिन्यांत आम्हाला निरनिराळ्या गावांत एकच प्रश्न ऐकायला मिळाला. ‘ते टीव्हीवरचं करोडपती म्हणजे लॉटरीच ना? मग आपला नंबर लागल्याचा मेसेज आला, तर तो खोटा कशावरून?’ हे एकाच प्रश्नाचे दोन तुकडे आहेत. पहिल्याचं उत्तर नीट समजलं तर दुसऱ्यासाठी वेगळं डोकं चालवावं लागत नाही. म्हणून आज आधी खेळाबद्दल बोलू आणि मग त्या मेसेजकडे वळू.

बबिता ताडे हे नाव तुमच्यापैकी पुष्कळ जणींना आठवत असेल. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या या बाई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या. साडेचारशे मुलांचा स्वयंपाक आणि महिन्याचं मानधन १,५०० रुपये. आपल्यातल्या कितीतरी जणी हेच काम करतात, त्यामुळे साडेचारशे मुलांचं पातेलं चुलीवरून उतरवणं म्हणजे काय, ते आम्ही सांगायला नको. २०१९ साली ‘कौन बनेगा करोडपती’च्या अकराव्या पर्वात त्या एक कोटी रुपये जिंकल्या. महिना १,५०० म्हणजे वर्षाचे १८,०००. या हिशेबाने एक कोटी साठायला साडेपाचशेच्या वर वर्षं लागली असती, तीही एक पैसा न खर्चता! बक्षिसातून काय घेणार असं विचारल्यावर त्यांनी मोबाइलचं नाव घेतलं, कारण घरात सगळ्यांना मिळून एकच होता.

लोकांच्या लक्षात खिचडी राहिली, मोबाइल राहिला, कोटी राहिला. त्यांना विचारलेला प्रश्न मात्र फार थोड्या जणांना आठवतो. एक कोटीचा प्रश्न असा होता : मुघल बादशहा बहादूरशाह जफर याच्या पदरी असलेल्या कोणत्या कवीने १८५७ च्या उठावाची आपण पाहिलेली हकिगत ‘दास्तान-ए-गदर’ या पुस्तकात लिहिली? उत्तर, जहीर देहलवी. आमच्यातल्या पदवीधर बायांनीही हे नाव तोवर ऐकलेलं नव्हतं. लॉटरीत तिकीट काढणाऱ्याला कोणी असं काही विचारत नाही. तिकिटाचा नंबर निघाला की निघाला. इथे मात्र खुर्चीवर बसलेल्या माणसाला एकामागून एक पंधरा बरोबर उत्तरं द्यावी लागतात, तेव्हा कुठे एक कोटी.

हा खेळ मुळात आपला नाही. तो इंग्लंडमध्ये १९९८ साली सुरू झाला आणि तिथे दहा लाख पौंडांचं सर्वांत मोठं बक्षीस पहिल्यांदा जिंकलं ते ज्युडिथ केपेल नावाच्या बाईंनी, २००० साली. त्याच वर्षी जुलैमध्ये तो अमिताभ बच्चन यांना घेऊन हिंदीत आला. पहिला करोडपती झाला तो मुंबईचा मराठी मुलगा, हर्षवर्धन नवाथे. तो तेव्हा स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता, आणि त्याचा शेवटचा प्रश्न राज्यघटनेतला होता : दिलेल्या चौघांपैकी संसदेच्या कामकाजात कोणाला भाग घेता येतो? उत्तर, देशाचे महान्यायवादी. त्यांना दोन्ही सभागृहांत बोलता येतं, मत देता येत नाही. पुढे २०१३ साली हाच खेळ मराठीतही आला, सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनात. २०१९ मध्ये ‘कोण होणार करोडपती’ या नावाने नागराज मंजुळे यांनी तो चालवला.

आता खुर्चीपर्यंत माणूस पोचतो कसा, ते पाहू. पर्व सुरू होण्याआधी काही दिवस टीव्हीवर रोज एक प्रश्न विचारतात. त्याचं उत्तर ठरावीक वेळेत मेसेजने किंवा त्यांच्या अ‍ॅपवर पाठवायचं. बरोबर उत्तर देणारे लाखांनी असतात. त्यांतून काही जणांची नावं संगणक काढतो. त्यांना फोन येतो, पुन्हा प्रश्न विचारले जातात, चाचणी होते, मुलाखत होते. यातून निवडलेले थोडे जण कार्यक्रमात जातात. तिथेही लगेच खुर्ची नाही. सगळ्यांना एकच प्रश्न देतात आणि सर्वांत कमी वेळात बरोबर उत्तर देणारा पुढे जातो. नशिबाचा भाग इथे आहेच, तो आम्ही नाकारत नाही. संगणकाने नाव काढलं नाही तर हुशार बाईसुद्धा घरीच राहते. पण नशीब फक्त दारापर्यंत नेतं. कोल्हापूरच्या कविता चावला यांचं पाहा. शिक्षण बारावीपर्यंत, काम घर सांभाळायचं. २००० सालापासून त्या प्रयत्न करत होत्या. २०२१ मध्ये कार्यक्रमापर्यंत पोचल्या, पण खुर्ची मिळाली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या आणि एक कोटी जिंकल्या. मुलाला शिकवता शिकवता आपणही शिकत गेलो, असं त्यांनी सांगितलं होतं. मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आपल्यातल्या बायांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. दुपारी इतिहासाचा धडा वाचून दाखवता ना, तो तुमच्याही डोक्यात बसत असतो.

खेळाचा सगळ्यांत शिकण्यासारखा भाग आम्हाला वाटतो तो थांबण्याचा. तो जरा सावकाश समजून घेऊ, कारण त्यात हिशेब आहे आणि हिशेब हे गटाचं कामच आहे.

अकराव्या पर्वातली शिडी घ्या. पहिला प्रश्न १,००० रुपयांचा. पाचव्याला १०,०००. दहाव्याला ३,२०,०००. त्यापुढे ६,४०,०००, मग साडेबारा लाख, पंचवीस लाख, पन्नास लाख, पंधराव्या प्रश्नाला एक कोटी आणि सोळाव्याला सात कोटी. यात पाचवा आणि दहावा प्रश्न हे पक्के पडाव. दहावा पार केला की ३,२०,००० रुपये कोणी काढून घेत नाही. पण त्याच्या पुढे कुठेही चुकलात, तर घसरून थेट ३,२०,००० वर यायचं. उत्तर येत नसेल तर ‘मी खेळ सोडते’ म्हणून हातात असलेली रक्कम घेऊन उठता येतं.

समजा, तुमच्या हातात पंचवीस लाख आहेत. समोर पन्नास लाखांचा प्रश्न. चारही पर्याय अनोळखी. डोळे मिटून एकावर बोट ठेवलं तर चारांत एकदा बरोबर येईल, तीनदा चुकेल. चार बायांनी असं केलं तर एक पन्नास लाख नेईल आणि तिघी ३,२०,००० घेऊन घरी येतील. चौघींची रक्कम एकत्र करून वाटली तर प्रत्येकीला पंधरा लाखांच्याही आत. म्हणजे न खेळता उठणाऱ्या चौघी जास्त नेतात. आता दोन पर्याय चुकीचे आहेत हे तुम्हाला पक्कं माहीत आहे असं धरा. मग दोघींत एक जिंकेल. वाटणी साडेसव्वीस लाखांच्या थोडी वर. कागदावर पंचवीसपेक्षा दीड लाख जास्त दिसतं खरं, पण प्रत्यक्षात खुर्चीवर बाई एकटीच असते, तिला वाटणी मिळत नाही. तिला एक तर पन्नास मिळतात, नाही तर ३,२०,०००. ज्या घरावर कर्ज आहे त्या घरच्या बाईने इथे उठलेलं बरं, असं आमचं मत आहे. ज्याच्याकडे गमावायला पुष्कळ आहे त्याने खुशाल खेळावं.

बबिता ताडे सात कोटींच्या प्रश्नाला थांबल्या. चुकल्या असत्या तर एक कोटीचे ३,२०,००० झाले असते. तो प्रश्न असा : कोणत्या राज्याचे सर्वांत जास्त राज्यपाल पुढे भारताचे राष्ट्रपती झाले? उत्तर, बिहार. हा प्रश्न आम्ही बैठकीत घातला तेव्हा एकजण चटकन म्हणाली, ‘राजस्थान, प्रतिभाताई पाटील तिथे होत्या.’ बरोबर आहे, आपल्या जळगावच्या प्रतिभाताई राष्ट्रपती होण्याआधी राजस्थानच्या राज्यपाल होत्या. पण तिथल्या त्या एकच. बिहारचे दोन होते, झाकीर हुसेन आणि रामनाथ कोविंद. माहिती अर्धी असली की माणूस असा ठामपणे चुकतो, आणि शिडीवर वरच्या पायरीला सगळ्यांत महाग पडते ती अर्धी माहितीच. आपल्याला काय येत नाही हे ओळखता येणं हेही ज्ञानच. ते जिच्याकडे होतं, ती कोटी घेऊन घरी आली.

कोटीतले सगळे हातात येतात का? नाही. अशा बक्षिसावर सरकार सरसकट ३० टक्के कर घेतं. तुमचं बाकीचं उत्पन्न कितीही कमी असो, त्यातून सूट मिळत नाही. वर अधिभार आणि उपकर. पूर्ण एक कोटीवर हा सगळा आकडा साधारण चौतीस लाखांवर जातो, म्हणजे हातात सहासष्ट लाखांच्या आसपास उरतात. यातली एक गोष्ट गाठ मारून ठेवा. रोख बक्षिसाचा कर बक्षिसातूनच कापतात. बक्षीस देणारी कंपनी कर कापून घेते आणि उरलेले पैसे खात्यात टाकते. जिंकणाऱ्याने आधी स्वतःच्या खिशातून कर भरायचा आणि मग बक्षीस घ्यायचं, असं रोख बक्षिसात नसतं.

पैसा आल्यावर काय होतं हेही थोडक्यात सांगतो. बिहारमधल्या मोतिहारीच्या सुशील कुमार यांनी २०११ साली पाच कोटी जिंकले. ते रोजगार हमीच्या कामावर संगणक चालवत, महिना ६,००० रुपये पगारावर. पुढे २०२० मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं, की जिंकल्यानंतरचा काळ त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट होता. लोकांनी फसवलं, व्यसन लागलं, घरात भांडणं झाली. त्यातून ते बाहेरही आले.

आता त्या मेसेजकडे.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र येतं. त्यावर अमिताभ बच्चन यांचा फोटो, कार्यक्रमाचं चिन्ह, कधी बँकेचा शिक्का, कधी नोटांची थप्पी. सोबत कोणाचा तरी आवाज : तुमच्या मोबाइल नंबरला पंचवीस लाखांची लॉटरी लागली आहे, अमुक साहेबांना फोन करा, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरून करा. फोन केला की साहेब गोड बोलतात. ताई म्हणतात, अभिनंदन करतात. मग नोंदणीसाठी थोडे पैसे. ते भरले की कर. कर भरला की फाइल अडकली म्हणून आणखी. दर वेळी ‘हे शेवटचं’.

आमच्या भागातल्या एका गटातल्या ताईंनी आधी ८,५०० भरले, दुधाच्या पैशातून. मग १५,००० भरले. ते गटातून अंतर्गत कर्ज म्हणून घेतले होते आणि कारण लिहिलं होतं मुलीची फी. तिसऱ्यांदा ४०,००० मागितले तेव्हा त्या पुन्हा कर्जाचा अर्ज घेऊन आल्या आणि सचिवबाईंना शंका आली. तोवर तीन आठवडे उलटले होते. गेलेले पैसे परत आले नाहीत. कर्जाचे हप्ते मात्र त्या अजून फेडतात, आणि घरी सांगितलेलं नाही. आम्ही त्यांना दोष देत नाही. गावातल्या दुकानदारापासून शिकलेल्या मुलांपर्यंत लोक यात फसतात. शरमेने तोंड बंद राहतं, आणि त्या शरमेवरच या चोरांचा धंदा चालतो.

खेळ कसा चालतो हे आता आपल्याला कळलं आहे. तो मेसेज त्या माहितीशी ताडून बघा. या खेळात मोबाइल नंबरांची सोडत निघत नाही. अधूनमधून घरी बसलेल्या प्रेक्षकांसाठी बक्षिसं असतात, पण तिथेही आधी प्रश्नाचं उत्तर पाठवावं लागतं. तुम्ही उत्तर पाठवलेलं नाही, तर बक्षीस कशाचं? कर आधी मागतात, तर आत्ताच पाहिलं की रोख बक्षिसाचा कर कापून घेतात, मागत नाहीत. फोन नंबर बघा. भारतातल्या नंबराच्या पुढे +९१ असतं. हे मेसेज पुष्कळदा +९२ ने सुरू होणाऱ्या नंबरावरून येतात, आणि +९२ हा पाकिस्तानचा क्रमांक आहे. पण नंबर +९१ चा दिसला म्हणून तो खरा, असंही समजू नका. आपल्याकडचे चोर काही कमी नाहीत. ओटीपी, कार्डाच्या मागचे तीन आकडे, यूपीआयचा पिन, यातलं काहीही बक्षीस देणाऱ्याला लागत नाही. पैसे घ्यायला पिन टाकावाच लागत नाही, तो फक्त पैसे द्यायला लागतो. हे वाक्य घरातल्या सासूबाईंना आणि सासऱ्यांनाही सांगा, कारण फोन दुपारी त्यांच्याच हातात असतो.

पैसे गेलेच, तर १९३० या नंबरावर ताबडतोब फोन करा. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी क्रमांक आहे. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे सरकायच्या आत बँकेला कळलं, तर ते अडवले जाण्याची शक्यता असते. म्हणून त्यात तास मोजायचे, दिवस नाही. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरच्याचा नंबर हाताशी ठेवा. मेसेज पुसून टाकू नका. शरमेने सगळ्यात आधी तोच पुसला जातो आणि पुरावाही त्याच्यासोबत जातो. बँकेलाही लगेच कळवा आणि पोलीस ठाण्यात जाताना गटातली एक बाई सोबत न्या.

आता खेळाचा आनंद घ्यायचा तो कसा? आम्ही काही गटांत महिन्यातून एकदा, हप्ते झाल्यावर, अर्धा तास हा खेळ घेतो. पैसे लावायचे नाहीत, चिंचोके लावायचे. पहिल्या प्रश्नाला एक चिंचोका, मग दोन, चार, आठ, सोळा. चारवर पडाव. चुकली की चारवर घसरायचं, थांबली की हातातले तिचे. गंमत अशी, की पहिल्या महिन्यात सगळ्याच जणी सोळासाठी धावतात आणि चारवर येऊन बसतात. तिसऱ्या महिन्यापर्यंत ‘मी आठवर थांबते’ असं बाया स्वतःहून म्हणायला लागतात. कर्ज मागतानाही मग हाच आवाज ऐकू येतो, असं आमच्या एका अध्यक्षबाईंचं म्हणणं आहे. खरंखोटं त्या जाणोत.

प्रश्न बायांनीच आणायचे. प्रत्येकीने एक. अट एकच, उत्तर कुठे छापलेलं आहे ते दाखवायचं. मुलांचं पुस्तक, वर्तमानपत्र, पंचायतीच्या भिंतीवरचा फलक, काहीही चालेल. ‘कोणी तरी सांगितलं’ चालणार नाही. या एका अटीमुळे बाया फलक वाचायला लागल्या. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीत महिलांसाठी किती जागा राखीव, तर निम्म्या. ग्रामसभेच्या आधी कोणती सभा घ्यायची असते, तर महिलांची. अंगणवाडीत मूल कोणत्या वयापर्यंत, तर सहा वर्षं. यातला ग्रामसभेचा प्रश्न आला त्या महिन्यात एका गावात बाया पंचायतीत विचारायला गेल्या, की आमची सभा झाली कधी.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय, असं आम्हाला विचारतात. त्यांच्यासाठी क्रम लावायचे प्रश्न ठेवा. पुष्य, मृग, पुनर्वसू, आर्द्रा ही नक्षत्रं पावसाच्या क्रमाने लावा, असं विचारलं तेव्हा पदवीधर सुना बोटं मोजत बसल्या आणि सत्तरीतल्या एका आजींनी पदराला हात पुसत सांगून टाकलं, ‘मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. पेरणी काय मोबाइल बघून केली होय आम्ही?’ त्या दिवशीचे सगळे चिंचोके त्यांच्याकडे गेले.

तुमच्या गटातल्या पहिल्या खेळासाठी एक प्रश्न आमच्याकडून. या चौघी जन्माच्या क्रमाने लावा : सावित्रीबाई फुले, अहिल्याबाई होळकर, डॉ. आनंदीबाई जोशी, राजमाता जिजाऊ. उत्तर आधी वहीत लिहा, मग पुढची ओळ वाचा.

जिजाऊ १५९८, अहिल्याबाई १७२५, सावित्रीबाई १८३१, आनंदीबाई १८६५.